चष्म्याच्या डबीतली पेशंट

आमचे हे मुंग्यांमुळे पडले. मुंग्या चावल्या असत्या तर मी समजून घेतलं असतं. पण ह्यांनी काय केलं, तर मुंग्यांच्या रांगेवर पाय पडू नये म्हणून उचललेला पाय तसाच हवेत धरला, ठेवायला दुसरी जागा शोधायला लागले, आणि जागा सापडायच्या आत दाणकन आडवे झाले. खुब्याचं हाड मोडलं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. हातातली कढई तशीच टाकून परसात धावले, तर पडल्या पडल्या मला म्हणतात काय, "अगं, तिकडून ये, तिकडून. मध्ये रांग आहे."

आता बोला! अशा माणसाला काय म्हणायचं? लग्नाला अडतीस वर्षं झाली, मी हाच प्रश्न स्वतःला विचारतेय. उत्तर अजून मिळालेलं नाही. मिळेल असं वाटतही नाही.

हे चष्म्याच्या दुकानात कारागीर. काचा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या, मोहरीएवढे स्क्रू पिळायचे, वाकलेली काडी सरळ करायची. आता वय झालं तरी सकाळी चार तास जातात. मी घरीच शिवणकाम करते. पॅन्ट आखूड करणं, चेन बदलणं, पडदे, उशांचे अभ्रे. म्हणजे घरात माणसं दोन आणि दोघांचीही पोटं बारीक कामावर. तेव्हा बारीक काम मला कळत नाही असं कुणी म्हणू नये. पण मी बारीक काम करते ते कापडावर. कापड वळवळत नाही.

पहिला पेशंट कधी आला ते आठवत नाही, पण कसा आला ते चांगलं आठवतंय. ह्यांचा जेवणाचा डबा घासायला उघडला, तर आत एक काळा ढब्बू भुंगा, कागदाच्या बोळ्यावर झोपवलेला! मी किंचाळले, डबा मोरीत पडला. हे शांतपणे आले, भुंगा उचलला, तळहातावर घेतला.

"हे काय आहे?" मी ओरडले.

"पडला होता," हे म्हणाले.

झालं. एवढंच स्पष्टीकरण. तेव्हापासून आजतागायत, कुणी काहीही विचारा, ह्यांचं उत्तर तेच. मधमाशी का आणलीत? पडली होती. हा नाकतोडा कशाला? पडला होता. अहो, पडलेलं सगळं जग उचलायचा मक्ता तुम्हालाच दिलाय का कुणी?

जेवणाच्या डब्यावर मी बंदी घातली तेव्हा ह्यांनी चष्म्याच्या डब्या आणायला सुरुवात केली. दुकानात लोक नवा चष्मा घेतात आणि जुन्याची डबी तिथेच टाकून जातात. कडक कवचाची, आतून मऊ कापड लावलेली, टपकन बंद होणारी. मागच्या व्हरांड्यात एका फळीवर त्या डब्यांची रांग लागली. प्रत्येक डबीवर चिठ्ठी: तारीख आणि दुखणं. ‘डावा पाय.’ ‘पंख ओला.’ ‘जाळ्यात अडकली होती.’ मी त्या व्हरांड्यात फिरकायचेच नाही. वाळत घालायचे कपडेसुद्धा पुढच्या बाजूला घालायचे. आळीतले लोक ह्यांना किडेडॉक्टर म्हणायला लागले. चेष्टेत म्हणायचे, पण दुसऱ्या दिवशी तेच लोक पानावर काहीतरी घेऊन दारात उभे. "आहेत का डॉक्टर?" मी म्हणायचे, "आहेत, पण माणसं तपासत नाहीत."

एकदा तर काय झालं, दुकानात ह्यांनी एका बाईंना नव्या चष्म्याबरोबर चुकून भलतीच डबी दिली. बाई कुठल्याशा कचेरीत मोठ्या साहेब होत्या. भर मिटिंगमध्ये त्यांनी डबी उघडली तर आत गुबगुबीत सुरवंट! बाई तावातावाने दुकानात आल्या. मालकाने ह्यांना पुढे बोलावलं. बाई बोलल्या, मालक बोलले, सगळ्यांचं बोलून झालं. मग ह्यांनी काळजीने विचारलं, "पण तो आता कुठे आहे?"

हसू येतं ना? मलाही येतं, दुसऱ्या कुणाला सांगताना. पण घरात एकटी असले की हसू येत नाही. मला ताप आला की हे दारात उभे राहतात आणि विचारतात, "डॉक्टरला बोलावू का?" दारात! आत येत नाहीत. लेक लहानपणी गोवराने फणफणली होती तेव्हाही हे दारातच. आणि त्याच आठवड्यात एका पतंगाच्या पंखावर फुंकर घालत तास-तास बसलेलं मी ह्यांना पाहिलंय. मला राग यायचा. खरं सांगू? राग नव्हता तो, मत्सर होता. लोकांच्या बायका कुणाकुणाचा मत्सर करतात, आणि मी करायचे नाकतोड्याचा! सांगायची सोय नाही.

तर पडले त्याच्या चार दिवस आधी एक गोगलगाय आली होती. फाटकाखाली चेंगरून तिच्या शंखाला तडा गेला होता. ह्यांनी अंड्याच्या आतला पापुद्रा आणि पातळ कागद लावून तो सांधला. गोगलगाय जी आत गेली ती बाहेरच आली नाही. शंखाच्या तोंडाशी तिने वाळक्या पापुद्र्यासारखं दार लावून घेतलं. आत ती जिवंत आहे की नाही हे बाहेरून कळायला काही मार्ग नाही म्हणे. नुसती वाट बघायची. स्ट्रेचरवर घालून नेताना, वेदनेने तोंड पांढरं पडलेलं असताना, हे मला सांगत होते, "मधली डबी. झाकण काडीभर उघडं ठेव, पूर्ण उघडू नको. सकाळ-संध्याकाळ दोन थेंब पाणी. काकडीची चकती. बाकी सगळं वहीत आहे."

मी म्हटलं, "अहो, हाड मोडलंय तुमचं!"

"हो, ते कळलं," हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. नीट झालं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "आजी, आमचं काम संपलं, आता ह्यांचं सुरू. उद्यापासून उभं राहायचं. चार-सहा दिवसांत चार पावलं टाकली तर घरी चालत जातील. आणि पडून राहिले, तर मग पडूनच राहतील. ह्या वयात अंथरूण एकदा धरलं की ते सोडत नाही." हे मी लेकीला फोनवर जसंच्या तसं सांगितलं. ती लांबच्या गावी नोकरीला, तिला लगेच निघता येईना. ती म्हणाली, "आई, बाबांना ओरड हवं तर, पण उभं कर." मी म्हटलं, ओरडणं माझ्यावर सोड.

त्या संध्याकाळी घरी आले आणि आयुष्यात पहिल्यांदा ह्यांची ती वही उघडली. गोगलगायीचं काय करायचं ते बघायला. बारीक, सरळ, चष्म्याच्या नंबरासारखं अक्षर. ‘मधमाशी. हौदात पडली होती. पुसून साखरपाणी. गेली.’ ‘नाकतोडा, हिरवा. मागचा पाय नाही. गेला.’ ‘फुलपाखरू, पिवळं. उजवा पंख, कागदाची पट्टी. गेलं.’ पान उलटलं. गेला. गेली. गेलं. पुढचं पान. गेली, गेला, गेला. चाळीस पानं! मधूनमधून एखाद्या ओळीला शेवटच नव्हता, नुसतं दुखणं लिहून सोडून दिलेलं. बाकी सगळीकडे तेच.

मी मटकन खुर्चीत बसले. अगं बाई, म्हणजे सगळेच गेले? एकही वाचला नाही? इतकी वर्षं हा माणूस मान मोडून बसला, डोळे फोडून घेतले, माझी बोलणी खाल्ली, आणि ज्याला ज्याला हात लावला तो गेला? मग हे थांबले कसे नाहीत? एक गेला, दहा गेले, माणूस म्हणेल आपल्याला नाही जमत. मला काही कळेनासं झालं. इतकी वर्षं मी ज्याचा मत्सर केला ते सगळं बघता बघता केविलवाणं होऊन बसलं. आणि आता ही गोगलगाय. हीसुद्धा जाणारच. ह्यांना ते माहीत असणारच. मग ऑपरेशनच्या गुंगीतसुद्धा ‘कशी आहे, कशी आहे’ कशाला विचारतात?

रडू आलं मला. मग उठले आणि गोगलगायीला दोन थेंब पाणी घातलं. डोळे मिटून घातलं, पण घातलं.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं समजणार नाही. ‘मेला’, ‘मेली’ हे माझ्या तोंडातच बसलंय. शिवणयंत्र मेलं अडतं, दूध मेलं उतू जातं, बस मेली वेळेवर येत नाही. त्यात मरणाचा काही संबंध नसतो, नुसती वाफ सोडायची. आमची लेक दोन वर्षांची असताना कुणी नाव विचारलं की सांगायची, "मेली." आणि हे, ह्यांच्या तोंडी हा शब्द मी कधी ऐकला नाही. मरणाचं सोडाच, रागातसुद्धा नाही.

ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी सकाळी ह्यांचा फोन आला. आवाज खोल, लाइन खरखरतेय, मी शिवणयंत्रावर, तोंडात दोन टाचण्या.

"कशी आहे?"

"आहे मेली तशीच!" मी म्हटलं. "खात नाही, पीत नाही, दार लावून बसलीये."

"काय?"

"अहो, मेली! मेली म्हणते…" आणि लाइन गेली. मी म्हटलं, जाऊ दे, दुपारी भेटायचंच आहे.

दुपारी गेले तर हे भिंतीकडे तोंड फिरवून पडलेले. जेवणाचं ताट तसंच. व्यायाम करून घ्यायला एक मुलगी येते, तरतरीत आहे, ती हिरमुसून उभी. "आजी, बघा ना, काल पाय खाली सोडून बसले होते. आज हातच लावू देत नाहीत." मी चुचकारलं, मग रागावले, मग लेकीला फोन लावून दिला. ह्यांचं एकच, "बघू." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी डॉक्टर आले, वॉकरकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता गेले. ते न बोलणंच मला जास्त लागलं. दुखतंय का विचारलं तर हे नाही म्हणतात. भीती वाटते का, तर नाही. मग काय झालं? मी खुर्चीत बसून नुसती ह्यांच्या पाठीकडे बघत होते आणि मला काही सुधरत नव्हतं. गोगलगायीचंही विचारत नव्हते. मला वाटलं, चला, ते तरी सुटलं.

चौथ्या दिवशी सकाळी मी गोगलगायीला पाणी घालत होते तोच दवाखान्यातून फोन. "आजी, लवकर येता का? आजोबा औषधही घेत नाहीयेत." होते तशी निघाले.

वॉर्डच्या दारातच सिस्टरने मला गाठलं. आवाज एकदम खाली. "आजी, विचारू नये, पण… तुमच्या घरी कुणी वारलं का?"

"नाही बाई. का?"

"मग आजोबा असं का म्हणतात? मी विचारलं काय झालं, तर म्हणाले, ती मेली. बायकोने फोनवर सांगितलं."

"कोण ती?"

"ते नाही सांगितलं. नुसतं म्हणाले, घरी एकटीच होती."

शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची बायको आली आणि तिने मला मिठीच मारली. "सावरा ताई. आम्हाला कालच कळलं. जवळची होती का हो?" तिच्या खांद्यावर डोकं टेकलेलं असताना मी मनात आमच्या घराण्यातल्या एकेक बाईची मोजदाद करत होते. सासूबाई कधीच्या गेलेल्या. नणंद धडधाकट, काल तर माझ्याशी भांडली. लेक सकाळी फोनवर बोलली. मग मेली कोण? आणि मी कधी सांगितलं? मी तर फक्त…

आणि मग डोक्यात लख्ख उजेड पडला. अगं आई गं!

मी मिठी सोडवून आत धावले. "अहो! अहो, ती मेली नाहीये!"

हे हलले नाहीत.

"अहो, ती मेली मेली नाहीये! मी आपलं नेहमीसारखं म्हटलं, मेली! मेली म्हणजे मेली नव्हे, नुसती मेली!"

आता माझं मलाच कळेना मी काय बोलतेय ते. शेजारची बाई तोंडाला रुमाल लावून बघत होती. ह्यांनी मान वळवली. इतकं दमलेलं तोंड मी ह्यांचं कधी पाहिलं नव्हतं. "समजूत काढू नको," म्हणाले. "होतं असं. मी तिला तशी टाकून यायला नको होतं."

"आहे म्हणते ना मी! चार वाजता घेऊनच येते. डोळ्यांनी बघा."

घरी पोहोचले, सरळ मागच्या व्हरांड्यात. मधली डबी सताड उघडी. आत ओलं कापड, काकडीची सुकलेली चकती. गोगलगाय नाही.

सकाळी फोन वाजला तेव्हा झाकण लावायचं राहिलं होतं. माझ्या हातून राहिलं होतं. फळीवर एक चकचकीत ओली रेघ होती, ती फळीच्या टोकापर्यंत गेलेली आणि पुढे काही नाही. खाली बघितलं. एका बाजूला ओल्या कुंड्या, दुसऱ्या बाजूला शेजारचं मांजर पंजा चाटत बसलेलं. निघून गेली की खाल्ली? रेघ तिची तिने ओढली म्हणजे जिवंत होती. पण टोकाच्या पुढे? मी कुंड्या हलवल्या, विटा उचलल्या, मांजराच्या तोंडाकडे निरखून बघितलं. मांजर काय सांगणार? मी जमिनीवर बसून भोकाड पसरलं. एका गोगलगायीसाठी. मी!

आणि तिथेच, कुंडीच्या बुडाला, दुसरी एक दिसली. साधारण तेवढीच. ठणठणीत.

माझ्या डोक्यात काय आलं ते तुम्हाला कळलंच असेल. मला तेव्हा ते चूक वाटलं नाही, आणि बरोबर वाटलं असंही नाही. वाटायला वेळच नव्हता. मी तिला उचललं, नुसत्या हाताने. गार, बुळबुळीत, शहारा आला. ती हळूच बाहेर आली, दोन शिंगं लांब केली आणि माझ्याकडे रोखली. मी म्हटलं, "बघू नको अशी माझ्याकडे. माझा नवरा उभा राहायला हवाय." मग शिवणाच्या टेबलावर ट्रेसिंग पेपरची चिंधी कापली आणि तिच्या धडधाकट शंखाला ठिगळ लावलं. ह्यांचा डिंक सापडेना, म्हणून माझा, कापडाचा लावला.

चार वाजता डबी ह्यांच्या हातात दिली. वॉर्डातला ह्यांचा कोपरा अंधारा, दिवा मिणमिणता. हे म्हणाले, "चष्मा दे." चष्मा लावला. डबी डोळ्यांजवळ नेली.

"हिला काय झालंय?" ह्यांनी विचारलं.

"म्हणजे? तुमचीच आहे. शंख फुटलेली."

"तडा खालच्या वेढ्याला होता. हे ठिगळ वरच्याला आहे." मग जरा थांबून, "आणि ठिगळाखाली काहीच नाही. हिला काही झालेलंच नाही."

माझे कान गरम झाले.

"ती कुठे आहे?"

"गेली!" मी म्हटलं आणि माझा बांध फुटला. "गेली, तुमच्या वहीतल्या सगळ्यांसारखी गेली! झाकण माझ्याकडून उघडं राहिलं. मी तिला मारलं असं समजा हवं तर, पण उठा हो!"

"गेली?" हे एकदम कोपरावर उठले. "डबी रिकामी होती?"

"हो."

"रेघ होती?"

"होती. फळीच्या टोकापर्यंत."

"मग गेली," हे म्हणाले, आणि हसले. हसले! मी रडतेय आणि हा माणूस हसतोय.

"अहो, हसताय काय? चाळीस पानं गेला-गेली लिहिलंय तुम्ही! एक तरी जगवलात का?"

ह्यांना खरंच कळत नव्हतं मी काय म्हणतेय ते. "गेला म्हणजे गेला. संध्याकाळी झाकण उघडून ठेवतो. सकाळी डबीत नसला की गेला."

"आणि मेलेले?"

"ते डबीतच असतात."

"मग ते कुठे लिहिलेत?"

हे डबीकडे बघत म्हणाले, "त्यांचं काय लिहिणार?"

त्या शेवट नसलेल्या ओळी माझ्या डोळ्यांपुढे आल्या. मला एकदम खूप काहीतरी कळल्यासारखं झालं आणि लगेच परत गोंधळ झाला. "पण गेलेले पुढे जगले कशावरून? मांजर बसलं होतं तिथे!"

"ते मला काय माहीत?" हे म्हणाले. "मला डबीपुरतं माहीत." आणि मग डबी हलवून, कपाळाला आठ्या घालून, "अगं, ही बाहेर का येत नाहीये? कशाने चिकटवलंस?"

"कापडाच्या डिंकाने."

"कापडाच्या! अगं, तो वाळला की आवळतो! बघ, कागद तोंडापर्यंत आलाय, कड धरून ठेवलीये त्याने. तासाभरात ह्या चांगल्या शंखाला तू तडा पाडशील!" इतकं मोठं वाक्य हे वर्षभरात माझ्याशी बोलले नसतील. "सुई आहे?"

"माझ्या पर्समध्ये नसेल तर कुणाच्या असेल?"

"पाणी आण. कापूस आण. इथे काही दिसत नाही." ह्यांनी खिडकीकडे बघितलं. खिडकी पाच-सहा पावलांवर, तिथे दुपारचं ऊन चौकटीवर पडलेलं. "धर ही," म्हणाले, डबी माझ्या हातात कोंबली, पांघरूण बाजूला सारलं आणि पाय खाली सोडले.

मी वॉकर पुढे सरकवला. ह्यांनी तो धरला, एकदा ‘स्स’ केलं आणि उठले. एक पाऊल. मग दुसरं. मी एका हातात डबी आणि दुसऱ्या हाताने ह्यांची कंबर धरून मागे. ह्यांचं सगळं लक्ष डबीत. "हलवू नकोस तिला," मला दटावत होते.

खिडकीशी पोहोचलो. ह्यांनी कोपरं चौकटीवर टेकली, ओल्या कापसाने कागद भिजवला, सुईचं टोक कडेखाली घातलं. हात जराही कापत नव्हता. पाय मात्र थडथडत होते, मला माझ्या मांडीला कळत होतं. मी मागून ह्यांच्या पाठीला खांदा लावून भिंतीसारखी उभी राहिले.

"लावलंयस मात्र छान," हे शंखाकडे बघत पुटपुटले. "कडा कशा बसल्यात. हाताने धरलीस हिला?"

"मग काय पायाने धरणार?"

"घाबरलीस?"

"हो."

ह्यांनी नुसती मान हलवली आणि परत सुई सरकवली. तेवढ्यात दारात ती व्यायामवाली मुलगी आली, आम्हाला बघितलं आणि तिचा हात तोंडावर गेला. मी तिच्याकडे डोळे वटारले. एक अक्षर बोलू नकोस. कारण आपण उभे आहोत हे ह्यांना माहीतच नव्हतं. चाळीस पानांचा तो माणूस कुणासाठी उठला, त्या गोगलगायीसाठी, गेलेल्या गोगलगायीसाठी, की माझी चूक निस्तरायला, ते मला तेव्हा कळलं नाही आणि अजूनही कळलेलं नाही. विचारलं तर म्हणतील, पडली होती.

कागदाचं एक टोक सुटलं. गोगलगायीने एक शिंग बाहेर काढलं. मी ह्यांची कंबर आणखी घट्ट धरली आणि अडतीस वर्षांत कधी म्हटलं नव्हतं ते म्हटलं.

"सावकाश करा हो," मी म्हटलं. "काही घाई नाहीये."